पाचवं कारण

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की दुपारी तीननंतर मी कुणाला पत्र्यावर चढू देत नाही. पोरं कुरकुरतात. आभाळ स्वच्छ असतं, पत्रा इतका तापलेला की हातमोज्यातूनही चटका बसतो, आणि मालकाचा फोन वाजत असतो, शेड कधी देताय म्हणून. पण तळवड्यातल्या माझ्या वर्कशॉपात ग्राइंडरच्या ठिणग्या मला आधी सांगतात. सकाळभर त्या एका रेषेत पडतात. तीन-साडेतीनला कधीतरी एकदम वाकतात, परत सरळ होतात, परत वाकतात. बाहेर येऊन पाहावं तर मोशी-आळंदीच्या अंगाला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढरा ढग वर चढलेला असतो आणि त्याचा तळ शाईसारखा झालेला असतो. मग अर्धा तास मिळतो. क्रेन खाली घ्यायची, सुटे पत्रे दोरानं आवळायचे, पोरांना पक्क्या खोलीत कोंबायचं. त्यानंतर धूळ येते, पिशव्या उडतात, कुणाचा तरी पत्रा खडखडायला लागतो. पाऊस आला तर चार टपोरे थेंब, नाहीतर तोही नाही.

हा वारा मला कित्येक वर्षं उलटा समजला होता. वाटायचं, वारा ढगाला घेऊन येतो. खरं तर ढगच वारा खाली टाकतो. वरून पडणारं पाणी खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाळतं, त्यानं हवा गार होते, गार झाली की जड होते, आणि घमेलं उपडं करावं तशी खाली आदळून चारी बाजूंना पळते. हवा जितकी कोरडी तितकी ती जोरात आदळते. म्हणून राजस्थानच्या वाळवंटात उन्हाळा संपता संपता जी वादळं उठतात, त्यांत पाऊस जमिनीला लागला नाही तरी वारा माणसाला पाडतो. आमचे मे महिन्यातले डोंगर काही फार वेगळे नसतात. चिंब भिजवणाऱ्या वळवाला मी भीत नाही. कोरड्या वळवाला भितो.

मी शेडी उभारतो. पाया, खांब, कैच्या, पर्लिन, वर पन्हळी पत्रा. तीसेक वर्षं हेच. आमच्या धंद्यात वाऱ्याचा हिशेब छापील असतो. आयएस ८७५ नावाचं मानक आहे, त्याच्या तिसऱ्या भागात पुण्याला सेकंदाला ३९ मीटर वारा धरायला सांगितलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. शिवाय वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. चाळीस बाय चाळीस फुटांचा जाहिरातफलक घ्या आणि त्याच्यावर ताशी ऐंशीचा साधा झोत येऊ द्या. साडेचार टनांचा रेटा बसतो, तीन-चार मोटारगाड्या आडव्या ढकलाव्यात तसा. मानकातला पुरता १४० चा वारा धरला तर चौदा टनांच्या आसपास. हे सगळं आधीपासून माहीत असतं, वळीव यायच्या कितीतरी वर्षं आधी.

१७ एप्रिल २०२३, सोमवार. संध्याकाळी आमच्याकडे धूळ आली, लाईट गेली. किवळ्याला महामार्गाच्या सेवा रस्त्यालगत वाऱ्यापासून वाचायला काही माणसं पंक्चरच्या दुकानापाशी थांबली होती. वरचा फलक त्यांच्या अंगावर आला. पाच जण गेले, चार बाया आणि एक पुरुष. ज्याचा आडोसा धरला तेच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर हाच विषय. एक म्हणाला, पाच मिनिटं पुढं गेले असते तर वाचले असते. दुसरा म्हणाला, ज्याची त्याची वेळ. तिसऱ्यानं नुसतं वर बोट केलं. आणि मीही म्हणालो, ‘वेळ आली होती हो.’ ग्लास ठेवला, दोन पावलं चाललो आणि मनात काहीतरी रुतलं. इतर कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं. पण मी? लोखंडाला कधी वेळ येते का? लोखंड गंजतं. वेल्ड सुटतो. पाया उथळ असतो. तीस वर्षं ज्याच्या हातात वेल्डिंगची कांडी आहे त्यानं असं बोलावं, ही मला स्वतःचीच फसवणूक वाटली.

आपल्या भाषेत संकटाचे दोन रकाने आहेत, अस्मानी आणि सुलतानी. चाकणला दोन्ही ठाऊक आहेत. १६६० साली शायिस्ताखानानं तिथल्या संग्रामदुर्गाला वेढा घातला तो भर पावसाळ्यात. फिरंगोजी नरसाळ्यानं जवळजवळ दोन महिने किल्ला लढवला, आणि शेवटी सुरुंगानं बुरूज उडाला. वर पाऊस, खाली खान. पण बुरूज पावसानं पडला की सुरुंगानं, याबद्दल तेव्हा कुणाच्या मनात घोळ नव्हता. आता फलक पडला की नेमका तिथंच घोळ होतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोलपंपावर फलक कोसळून सतरा माणसं गेली. मुंबईत परवानगी चाळीस बाय चाळीस फुटांची, हा होता एकशेवीस बाय एकशेवीसचा, म्हणजे क्षेत्रफळानं नऊपट. तरी पुढं आरोपीच्या बाजूनं न्यायालयात मांडलं गेलं की ही देवाची करणी. तीनच दिवसांनी, १६ मेला, आमच्या मोशीत फलक पडला. गाड्या चेपल्या, माणसं नशिबानं वाचली. बघा, शब्द आलाच. टाळायचा म्हटला तरी तो जिभेवर बसलेला असतो.

आमच्याकडे नगरकडचा एक वेल्डर आहे, ख्रिस्ती. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला ईयोबाची गोष्ट सांगितली. मोठा सज्जन माणूस. त्याची मुलं थोरल्या भावाच्या घरी जेवत असताना वाळवंटाकडून सुसाट वारा येतो, घराच्या चारी कोपऱ्यांवर आदळतो, आणि घर पडून सगळी मुलं जातात. मित्र येतात, आणि तुझंच काही पाप असणार असं त्याला पटवत बसतात. शेवटी देव स्वतः वादळातून बोलतो. कारण सांगत नाही, पण त्या मित्रांना मात्र खडसावतो. गोष्ट मला फार आवडली. मी विचारलं, ‘घर बांधलं कुणी होतं?’ तो डबा बंद करत म्हणाला, ‘शेठ, ते लिहिलेलं नाही.’ माझी अडचण तेवढीच आहे. वारा कुणी पाठवला यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. कोपऱ्यातले खांब कुणी रोवले, ते कुणी विचारत नाही.

किवळ्याचा फलक पडला त्याच उन्हाळ्यात खेड तालुक्यातल्या आमच्या गावी सप्ताह होता. कीर्तनकार महाराजांनी किवळ्याचा दाखला दिला. पाच दोऱ्या वरून सुटल्या, निमित्त फलकाचं, असं काहीसं. लोकांनी टाळ्या दिल्या. माझे वडील वारकरी, घरात ज्ञानेश्वरी रोज वाचली जायची, त्यामुळे महाराजांशी बोलायला मला संकोच वाटत नाही. पंगत उठल्यावर जवळ गेलो. म्हणालो, ‘महाराज, रागावू नका, पण फलकाला निमित्त म्हणालात ते काही मला पटलं नाही. खांब पायातून उपटून येतो तेव्हा त्याला कारण म्हणतात.’

रागावले नाहीत. म्हणाले, ‘बसा माउली.’ पोथी मागवली आणि अठरावा अध्याय काढला. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवान तिथं सांगतात. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, वेगवेगळ्या चेष्टा, आणि पाचवं दैव. मी म्हटलं, ‘पाचवं?’ ‘पाचवं.’ ‘मग आपण मोजायला पाचापासून का सुरुवात करतो?’

महाराज थोडं थांबले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. म्हणाले, इथं दैव म्हणजे तुम्ही-आम्ही म्हणतो ते नशीब नव्हेच. माउलींनी आणि त्यांच्या आधी शंकराचार्यांनीही इथं इंद्रियांच्या देवता घेतल्यात. डोळा असून भागत नाही, दिसायला सूर्य लागतो. तो सूर्य म्हणजे डोळ्याचं दैव. ‘कीर्तनात मी नशीब म्हणालो, कारण लोकांना तेच कळतं,’ असंही प्रामाणिकपणे म्हणाले. मी लगेच माझ्या धंद्याचा अर्थ लावला. अधिष्ठान म्हणजे पाया. कर्ता मी. करणं म्हणजे हूक, बोल्ट, वेल्डिंग मशीन. चेष्टा म्हणजे त्या दिवशी हात कसे चालले ते. पाचवा वारा. महाराज हसले. ‘असा अर्थ कुठल्या टीकेत नाही. पण तुमच्यापुरता चालेल. मात्र पुढचंही वाचा. पाच कारणं असताना जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो, त्याला दिसत नाही, असं पुढं म्हटलंय. सगळा दोष आपल्याकडे ओढून घेणं हाही एक अहंकार असतो, माउली.’ हे वाक्य मला लागलं. का लागलं, ते पुढं सांगतो.

जाता जाता एक. किवळ्यापासून देहूरोडचा बुद्धविहार जवळ आहे. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी तिथं बुद्धमूर्ती बसवली. त्या भागातला माझा एक हेल्पर आहे, त्यानं मला संयुत्त निकायातलं एक सुत्त समजावून सांगितलं. सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मानंच होतं, असं काही जण म्हणतात, तुमचं काय? बुद्ध म्हणतात, तसं नाही, आणि मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा मिलाफ, ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मफळ. गीतेत दैव पाचवं, इथं कर्म आठवं. दोन्हीकडे रांगेत शेवटी. आपण मात्र त्याला थेट पहिल्या नंबरावर घुसवलंय.

आता माझी गोष्ट. बरीच वर्षं झाली, मी धंद्यात नवा होतो. चाकण-तळेगाव रस्त्याला ओढ्याकाठी एक शेड घेतली होती. शनिवार संध्याकाळ, पत्रे चढवत आणलेले, आणि हूक संपत आले. सोमवारी माल येणार होता. मी पोरांना सांगितलं, कडेच्या ओळींना एक सोडून एक मारा, सोमवारी पुरे करू. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. वरून जाणारा वारा पत्र्याला ओढून घेतो आणि ती ओढ सगळ्यात जास्त कडेला आणि कोपऱ्यात असते. म्हणजे जिथं हूक दुप्पट हवेत तिथंच मी निम्मे सांगितले. त्यात शटर बसलेलं नव्हतं. आत शिरलेला वारा खालूनही पत्रा ढकलणार.

रविवारी वळीव आला. तीन पत्रे गेले. एक कुंपणावरून पलीकडच्या प्लॉटवर पडला. तिथं एक बाई वाळत घातलेले कपडे गोळा करत होत्या. खांद्याचं हाड मोडलं. चार बोटं इकडे आला असता तर मान होती. दवाखान्यात गेलो तेव्हा माझे पाय कापत होते. बाई म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही तरी काय करणार. वाराच मेला तसला होता. माझं नशीब म्हणून खांद्यावर निभावलं.’ ते ऐकून छातीवरचा दगड उतरला. दवाखान्याचं बिल भरलं, मोरया गोसावींच्या समाधीला नारळ ठेवला. विम्याच्या अर्जात कारणाच्या रकान्यात मालकाच्या माणसानं एकच शब्द लिहिला, वादळ. खाली सही माझी.

सोमवारी एकटा वर चढलो. कडेला साठ जागी हूक हवे होते. बावीस निघाले. मी निम्मे सांगितले होते, पोरांनी त्याहून कमी मारले होते. कुणाला काही बोललो नाही.

तीनेक वर्षांनी त्या बाई परत दिसल्या, त्याच प्लॉटवर. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. त्या भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मला तवाच ठावं होतं. पत्रा हितंच पडला होता की आठ दिस. कडंला भोकंच नव्हती पाडलेली.’ मी म्हटलं, ‘मग त्या दिवशी नशीब का म्हणालात?’ त्यांनी मान वर करून पाहिलं. ‘दवाखान्याचं पैसं तुमच्याकडनं यायचं हुतं न्हवं?’ मग हातानं मागं दाखवलं. तो पत्रा त्यांच्या न्हाणीवर होता, वर दगड ठेवून.

तोवर माझा एक बाळबोध सिद्धान्त होता. ज्याला लागलं त्यानं नशीब म्हणावं, ज्यानं बांधलं त्यानं म्हणू नये. तो त्या न्हाणीपाशी संपला. नशीब हा शब्द माझ्या तोंडी पळवाट होता, आणि त्यांच्या तोंडी उधारीच्या दुकानात बोलायची भाषा. दोघांनीही उच्चारला आणि दोघांनाही तो खोटा आहे हे ठाऊक होतं. जिचं माझ्याकडे येणं होतं, ती माझ्यासमोर खरं कसं बोलणार? किवळ्यात किंवा घाटकोपरला घरची माणसं ‘आमचं दैव’ म्हणाली असतील, तर त्यातलं किती दुःखातून आलं आणि किती मदतीचा धनादेश यायचा होता म्हणून, हे सांगता येत नाही. म्हणून आता कुणा गरिबानं ‘माझं नशीब’ म्हटलं की मी ते तत्त्वज्ञान समजत नाही. आधी विचारतो, कुणाकडनं काय यायचंय.

मग हा शब्द खरा कुणाच्या तोंडी? मे महिन्यात मी एखाद्या पहाटे भामचंद्र डोंगरावर जातो. शिंदे-वासुलीच्या बाजूनं वाट आहे. गवत जळालेलं, दगड उघडे, वाटेत सावली अशी नाही. तुकोबा इथं येऊन बसले ते १६३०-३१ च्या दुष्काळानंतर. घराणं महाजनाचं, सावकारी होती. दुष्काळात दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. आणि हा माणूस देवाला सांगतो की झालं ते बरंच झालं. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी तोंड फिरवलं असतं. दुष्काळात ज्यांनी धान्य दाबून ठेवलं असेल त्यांच्यापैकी कुणी म्हटलं असतं तर चप्पलच काढली असती. तुकोबांचं पटतं, आणि का पटतं याचा मी बराच विचार केलाय. परंपरा सांगते की कर्जाच्या खतांतला अर्धा वाटा त्यांनी भावाला, कान्होबांना दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत बुडवला. आधी खतं बुडवली, आणि आपलं दिवाळं बरं झालं हे म्हणायचा हक्क त्यानं आला. कुणाकडे येणं उरलं नाही, कुणाचं देणं लपवायचं नव्हतं. पाचव्या कारणाबद्दल बोलायला माणूस असा मोकळा लागतो.

त्या हिशेबानं पाहिलं तर मी मोकळा नाही. डोंगरावरून खाली चाकणच्या शेडी दिसतात, निळ्या-पांढऱ्या पत्र्यांच्या ओळीच्या ओळी. त्यातल्या काही माझ्या आहेत. वादळ उठलं की कोणत्या कोपऱ्यात काय सुटेल हे मला इथं बसून सांगता येतं. महाराज म्हणाले तसा त्यातही अहंकार असेल. असू दे. पत्र्याखाली झोपणाऱ्याला माझ्या अहंकारापेक्षा हुकाची गरज जास्त आहे. पण वर बसलेलं असताना एक गोष्ट मलाही नाकारता येत नाही. फलक का पडला याचं उत्तर पायापाशी सापडतं. त्या संध्याकाळी त्याच पाच जणांनी तिथंच का आडोसा धरला, याचं उत्तर कुठल्याही मानकात नाही. एवढा तुकडा उरतो. तो मी देवाकडे ठेवतो, आणि त्याबद्दल टपरीवर बोलत नाही.

ओढ्याकाठची ती शेड अजून उभी आहे. मालक बदलले, मशिनं बदलली. दर मार्चमध्ये मी शिडी घेऊन जातो आणि कडेचे हूक मोजतो, पैसे घेत नाही. यंदा साठातले सात सैल निघाले आणि दोन नव्हतेच.